जोत्याखाली काय भरलंय? घर बांधताना या चुका टाळा

अमेरिकेत बऱ्याच लाकडी घरांच्या तळमजल्याखाली माणूस रांगत जाईल एवढी, दोन-तीन फुटांची मोकळी जागा असते. नळ, वायरी तिथून जातात आणि जमिनीची ओल घराला थेट भिडत नाही. आपलं घर भरीव जोत्यावर, म्हणून ही भानगड आपली नाही असं वाटतं. पण काळ्या मातीत जोत्याखाली काय भरलं नि काय रिकामं सोडलं, त्यावरच घर तगतं.

आमच्या यवतमाळ भागातली नेहमीची चूक म्हणजे पायव्यातून निघालेली काळी माती तिथंच जोत्यात ढकलणं. "फुकटची माती हाये भाऊ, मुरूम कायले आणता?" मिस्त्री म्हणाला, आम्ही ऐकलं. दुसऱ्याच पावसाळ्यात स्वयंपाकघराची फरशी मधोमध उचलली. पोरानं गोटी ठेवली की ती आपली भिंतीकडे धावायची. उन्हाळ्यात त्याच फरशीवर पाय आपटला की ढबढब वाजायचं. ही माती पाणी प्यायली की फुगते, सुकली की आक्रसते; मे महिन्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तीच ही. मुरूमच भरा. तोही सहा-सहा इंचांच्या थरांनी, पाणी मारून, धुमसानं चोपून.

दुसरी चूक जास्त चीड आणते, कारण ती पैसे खर्चून होते. काळी माती खोलवर असेल तर इंजिनिअर पाइलवर, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या काँक्रीटच्या खांबांवर, बीम टाकायला सांगतो आणि बीमच्या पोटाखाली साधारण 80 मिलिमीटर फट ठेवतो. माती फुगली तर तिला वर यायला जागा हवी. गावात ती फट 'राहून गेलेलं काम' वाटते. कोणीतरी साप-इच्चवाच्या भीतीनं विटांचे तुकडे ठासतो. मग माती बीमला खालून रेटते, भिंतीला तिरपी चीर जाते. भीती खोटी नाही, पण बाहेरून फरशीचे तुकडे नुसते उभे टेकवा, आत काही भरू नका.

नहाणीचं पाणी भिंतीलगत मुरू देऊ नका, हे वेगळं सांगायला नकोच.

चीर आधीच पडली असेल तर लगेच सिमेंट थापू नका. दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण करा, रुंदी मोजा, शेजारी तारीख लिहा. उन्हाळ्यात उघडते नि पावसाळ्यात मिटते, असं दिसलं तर दोष बहुतेक खालच्या मातीचा. आमच्या भिंतीवर अशा पाच तारखा आहेत. रंगारी आला की आधी त्या पुसू नको म्हणून सांगावं लागतं.