होमस्टे ‘हटके’ करायच्या नादात या चुका टाळा

सिंधुदुर्गात मी होमस्टे चालवतो, म्हणून दिवाळी उलटली की ओळखीच्यांचे फोन सुरू होतात. गावचं घर रिकामं आहे, तीन खोल्या काढून होमस्टे करायचाय, पाहुण्यांच्या लक्षात राहील असं ‘काहीतरी हटके’ सुचव. मी विचारतो, गाद्या कसल्या घेतल्या? पलीकडून उत्तर येतं, गाद्यांचं बघू रे, आधी गेटावर निऑनची पाटी लावू की भिंतीवर पंख रंगवू ते सांग.

पंख म्हणजे ते देवदूताचे, ज्यांच्या मधोमध उभं राहून फोटो काढायचा असतो. आता इतक्या भिंतींवर ते रंगवलेत की घरी गेल्यावर पाहुण्यालाच सांगता येत नाही, कुठली भिंत कुठल्या गावची.

सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला, त्याला पाव शतक उलटून गेलं. किनाऱ्यालगतच्या गावांत खोल्या भाड्याने देणं यात आता काही नवलाई उरलेली नाही, त्यामुळे वेगळं दिसायची धडपड मला समजते. त्या धडपडीत लोक जे करून बसतात ते मात्र बघवत नाही.

जुनं घर पुसून टाकणं

ही सगळ्यात महागडी चूक, कारण ती केल्यावर मागे फिरता येत नाही. चिऱ्याच्या भिंती, मंगळुरी कौलं, लाल कोब्याची ओटी, पडवीत झोपाळा, मागीलदारी न्हाणी, पुढे सारवलेलं खळं. एवढं सगळं आयतं हाताशी असताना माणसं पहिलं काम काय करतात? कोबा फोडून चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी घालतात आणि कौलांखाली पीओपीचं छत ठोकतात.

कुडाळच्या बाजूला एका चाकरमान्याने नेमकं हेच केलं. वडिलोपार्जित घर होतं. माजघराच्या छपरात दोन काचेची कौलं, त्यांतून सकाळी उजेड थेट खाली जमिनीवर पडायचा. मी त्याला हात जोडून सांगितलं, बाथरूम नवं बांध, वायरिंग बदल, वाळवी लागलेले वासे काढ, बाकी कशाला हात लावू नको. तो म्हणाला, ‘‘जुन्या घराक पैसे देऊन कोण येतलो रे? लोकांका फाइव्ह स्टार होया.’’ मग फरशी आली, छत आलं, भिंतींना ऑइल पेंट लागला, खोल्यांत निळे एलईडी आले.

पहिल्याच पावसात चिऱ्याने हिसका दाखवला. चिरा म्हणजे जांभा, सच्छिद्र दगड. पावसाळ्यात ओल धरतो, उघडीप मिळाली की सोडतो. वरून ऑइल पेंट फासला की त्या ओलीला बाहेर पडायला वाटच राहत नाही. जुलैत रंगाला फुगे आले, गणपतीपर्यंत पापुद्रे गळायला लागले. छताचं तर त्याहून वाईट. पूर्वी कौल सरकलं की खाली थेंब पडायचा, कुठलं कौल ते लगेच कळायचं, आणि कुणीतरी वर चढून ते नीट बसवायचं. आता पाणी पीओपीवर साचतं, तपकिरी डाग पसरत जातात, वर उंदीर धावतात आणि खाली पाहुणा जागा. ओटीवरची फरशी पावसात इतकी निसरडी झाली की तिथे रबरी चटया अंथराव्या लागल्या. म्हणजे फरशीही दिसेना.

गंमत पुढेच आहे. शेजारी त्याची चुलत काकी राहते, तिच्या घराला कुणी हात लावलेला नाही. मे महिन्यात तिच्या खळ्यात आमसुलांचं काम चाललं होतं. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायची, सालं मीठ घातलेल्या रसात बुडवायची, उन्हात पसरायची, सुकली की पुन्हा रसात. याच्याकडे उतरलेलं पुण्याचं कुटुंब पूर्ण मुक्कामभर तिथेच. पोरांचे हात कोपरापर्यंत लाल, आई काकीबरोबर सालं उलटतेय, बाप तिच्या ओटीवर आडवा. पुढे त्यांनी लिहिलेल्या अभिप्रायात होमस्टेबद्दल ‘खोल्या स्वच्छ होत्या’ एवढंच होतं. बाकी सगळा मजकूर काकीवर. चिडलेला घरमालक तो अभिप्राय मलाच दाखवायला आला होता.

माझी पद्धत लोकांना आळशी वाटते. निदान एक पावसाळा काहीही तोडायचं नाही. भाड्याने द्यायच्या खोलीत स्वतः झोपायचं, भर पावसात आणि मे महिन्याच्या उकाड्यातही. रात्री कुठे अडखळलो, मोबाइल चार्जिंगला कुठे लावावा लागला, न्हाणीत टॉवेल टांगायला खुंटी होती का, हे वहीत लिहायचं. त्या वहीप्रमाणे खर्च करायचा. भिंतींना चुना. कोब्याला तडे गेले असतील तर तो घोटणारा जुना गवंडी शोधायचा. वेळ लागतो, मिळतो. इथे बहुतेकांचा धीर सुटतो, कारण फरशीवाला दुसऱ्याच दिवशी हजर असतो.

उलट्या टोकाचेही भेटतात. ‘अस्सल अनुभव’ म्हणून कमोड बसवायला नकार देणारे. अहो, पाहुण्यांत आजोबा असतात, त्यांना गुडघे असतात. चुलीवर तांब्याच्या हंड्यात तापवलेलं पाणी द्या, लोकांना फार आवडतं, पण खोलीत गिझर हवाच.

संस्कृतीचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम

ही माझी दुसरी डोकेदुखी. वेंगुर्ल्याकडे एकाने मुंबईच्या एका कंपनीच्या ग्रुपसाठी अंगणात दशावतार, म्हणजे इथलं लोकनाट्य, ठेवला. अर्धा तास, जेवणाआधी, स्टार्टर्सबरोबर. आदल्या रात्री दुसऱ्या गावच्या जत्रेत पहाटेपर्यंत उभी असलेली माणसं बिचारी रंग लावून आली. पायपेटी लागली, मृदंग घुमला, संकासूर आला. त्याचे मालवणी टोमणे अर्ध्यांना कळेनात, उरलेले अर्धे फोनमध्ये. आख्यानाला नुकता कुठे रंग चढत होता, तेवढ्यात एकाने ओरडून विचारलं, जेवण लागलं का? यजमानानेच झांजवाल्याला हाताने ‘आटपा’ अशी खूण केली. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

रात्रभर चालणाऱ्या खेळाचा अर्धा तास कापून दिला की त्यात काही शिल्लक राहत नाही. आधी आडदशावतार येतो, म्हणजे गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, संकासूर वगैरे, आणि मग आख्यान, जे पहाटेपर्यंत चढत जातं. संवाद लिहिलेले नसतात. नट समोरच्या नटाला उभ्या उभ्या उत्तर देतो, आणि त्या जुगलबंदीला वेळ द्यावा लागतो.

त्यापेक्षा जत्रेला पाठवा. कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात, तारखा तिथीप्रमाणे ठरतात. मी आसपासच्या गावांच्या तारखा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवतो आणि त्या आठवड्यात येणाऱ्या पाहुण्याला आधीच कळवतो. खरं तेच सांगतो. खेळ रात्री उशिरा सुरू होतो, खुर्ची मिळेलच असं नाही, चटई आणि शाल घरून न्या, खाजा तिथे घ्या, झोप आली तर उठून या, हा रिक्षावाल्याचा नंबर. बरेच जण जात नाहीत, जाऊ देत. जे जातात ते पुढच्या वर्षी आधी जत्रेची तारीख विचारतात, मग खोलीची.

पिंगुळीच्या चित्रकथीचंही तेच. चित्रं दाखवत कथा सांगायची ही कला तिथल्या ठाकर समाजातल्या कलाकारांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली. तिचे स्टिकर छापून बेडमागे चिकटवू नका, पाहुण्यांना पिंगुळीला घेऊन जा. कुडाळपासून लांब नाही. सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, उशांच्या अभ्र्यांवर छापणाऱ्यांना मी काही बोलत नाही, बोलून थकलो.

‘सगळं मिळेल’ हे उत्तर

मेन्यूकार्डावर पनीर बटर मसाला, हक्का नूडल्स, तंदुरी. आणि कोपऱ्यात ‘मालवणी स्पेशल (ऑर्डरप्रमाणे)’. डोंबिवलीचा माणूस रात्रभर रेल्वेत बसून कुडाळला उतरला तो हक्का नूडल्ससाठी नाही, हे वेगळं सांगायला लागू नये.

त्याहून वाईट म्हणजे हंगामाबद्दल थापा. डिसेंबरच्या बुकिंगला हापूसचा फोटो टाकतात. हापूस मुख्यतः मार्चअखेर ते मे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रातली मासेमारी बंद असते, आणि त्याच दिवसांत ‘ताजी सुरमई’ कबूल करणारे महाभाग आहेत. मग बर्फातली जुनी सुरमई ताटात येते आणि पाहुण्याच्या तोंडी चव काय राहते, तर फ्रीजरची.

खरं तर प्रत्येक महिन्याला इथे काहीतरी असतंच. जुलैत कुळथाची पिठी, भाजलेला सुका बांगडा आणि टाकळ्याची भाजी वाढा, वर पाऊस कोसळत असू दे, सुरमईची आठवणही निघत नाही. नागपंचमीला हळदीच्या पानातल्या पातोळ्या. गोकुळाष्टमीला आंबोळ्या आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी. फेब्रुवारी-मार्चमध्ये ओल्या काजूगरांची उसळ. माझ्याकडे छापील मेन्यू नाहीच. ओटीवर पाटी आहे, तिच्यावर सकाळी खडूने लिहितो, आज काय. पाटीवर नाही ते मिळत नाही. सुरुवातीला घरच्यांनाच हे उद्धट वाटलं होतं.

घावणे बिडाच्या तव्यावरून थेट ताटात गेले पाहिजेत. सकाळी सहाला करून डब्यात रचलेले घावणे नऊ वाजता वाढणं हा गुन्हा आहे. तयार पिठाची पाकिटं वापरणाऱ्यांसाठी माझ्याकडे सल्ला नाही. तांदूळ रात्री भिजत घालायला दोन मिनिटं लागतात, तेवढी नसतील तर खानावळीशी बोलणी करा. शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, करायचे असतील त्या दिवशी पाहुण्यालाच साच्यावर जोर लावायला बसवा. उकडलेला गोळा दाबताना घाम निघतो, मग नारळाच्या गोड रसाबरोबर ते खाताना त्याला आपण काय केलं हे बरोबर आठवतं. यासाठी वेगळे पैसे लावू नका. लावणारे आहेत, म्हणून सांगतो.

बाकीच्या, झटपट

पाट्या. ‘टॉवेल बाहेर नेऊ नये’, ‘मोठ्याने बोलू नये’, ‘भिंतीला टेकू नये’. खोली आहे की सरकारी कचेरी? वायफायचा पासवर्ड आणि गरम पाण्याची कळ कुठली, एवढं लिहिलं की पुरे.

रस्ता. नकाशावरची खूण बऱ्याचदा मागच्या वाडीतल्या आंब्याखाली पडते, आणि पाहुणा रात्री, पावसात, नेटवर्क नसताना येतो. मुख्य रस्त्यापासून घरापर्यंतचा व्हिडिओ मोबाइलवर काढून ठेवा, एक दिवसाचा, एक रात्रीचा. शेवटच्या वळणावर दिवा लावा. निऑनच्या पाटीचे पैसे इथे घाला.

कुबट वास. पावसात बंद राहिलेली खोली उघडून तिच्यात सुवासिक फवारा मारला की कुबट वास आणि मोगरा असे दोन वास येतात. गाद्या उन्हात घाला, खिडक्या उघड्या ठेवा, कपाटं भिंतीपासून हातभर पुढे ओढा.

चादरी. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर पांढऱ्या चादरी पिवळ्या पडतात आणि स्वच्छ असूनही मळक्या दिसतात. रंगीत सुती घ्या. पांढरंच हवं असेल तर विहिरीच्या पाण्यात धुवा.

डास. मच्छरदाणी. यावर चर्चा नको.

वीज. शोभेचे कंदील टांगले म्हणजे इन्व्हर्टर लागत नाही असं नाही.

यजमान. एक तर सगळा वेळ पाहुण्याच्या खुर्चीशेजारी बसून मुंबईतल्या नोकरीच्या कथा सांगणारे, नाहीतर चावी कुंडीखाली ठेवून स्वतः ठाण्यात. दोघेही पाहुण्याच्या लक्षात राहतात. मी आल्या आल्या चहाला बसतो, जेवणाच्या वेळा ठरवतो आणि उठतो. नंतर हाक मारली तर ऐकू येईल इतक्या अंतरावर असतो.

सरबत. स्वागताला बाजारातल्या बाटलीतलं लालभडक पाणी देऊ नका, तेही दारात कोकमाचं झाड असताना. आणि आगळ वेगळं, सरबत वेगळं. आगळ म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला रस, खारं असतं, सोलकढीला चालतं. साखर ढवळून तेच पाहुण्याला पाजणारे मी पाहिलेत.

परदेशी पाहुणा. तो आल्यापासून २४ तासांत त्याच्या मुक्कामाची माहिती सरकारला ऑनलाइन कळवायची असते. सजावटीचे पन्नास फोटो काढणाऱ्यांना नेमकं हेच माहीत नसतं.

अभिप्राय. पाहुण्याची बॅग गाडीत चढत असताना ‘पाच स्टार द्या हां’ म्हणत मागे धावू नका. झाला तेवढा पाहुणचार त्याने धुऊन निघतो.

भेटवस्तू. ज्यावर गावाचं नावही चुकलेलं असतं असले फ्रिज मॅग्नेट नकोत. घरची आमसुलं द्या, पाव किलो, साध्या कागदी पुडीत. आगळाची बाटली देणार असाल तर झाकण चिकटपट्टीने पक्कं बंद करा आणि सरळ उभी ठेवायला सांगा. गाडीच्या सीटवर सांडलं तर डाग निघत नाही आणि पनवेलला पोचायच्या आत फोन तुम्हालाच येतो.