उठसूट ऑनलाइन खरेदी: अडथळे कुठे आणि कसे घालायचे

रात्री अंथरुणात पडून फोनवर बोट फिरवताना निग्रह टिकत नाही, आणि तो टिकेल या भरवशावर राहूही नये. वस्तू नजरेस पडण्यापासून पैसे जाईपर्यंत आता मिनिटभरसुद्धा लागत नाही. ही वाट मुद्दाम लांब करून ठेवायची, तीही मोह झालेला नसताना, शांत डोक्याने.

आधी गळती कुठे आहे ते शोधा. प्रत्येक ॲपमधलं ‘माय ऑर्डर्स’ उघडून मागच्या तीन महिन्यांची खरेदी कागदावर उतरवा. प्रत्येक वस्तूपुढे किंमत, वेळ (बँकेच्या एसएमएसमध्ये किंवा यूपीआयच्या नोंदींमध्ये सापडते), ती कुठून दिसली (स्वतः शोधली, रीलमध्ये आली की नोटिफिकेशनवरून) आणि आज ती वापरात आहे का, एवढं लिहा. न वापरलेल्या वस्तूंची बेरीज वेगळी करा. पुढचे कोणते उपाय तुमच्या कामाचे, ते याच कागदावरून ठरवा.

पैशांची वाट

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो, म्हणून सुरुवात इथूनच करा. ॲपमध्ये सेव्ह केलेली कार्डं काढून टाका. 1 ऑक्टोबर 2022 पासून दुकानदार कंपन्या कार्डाचा नंबर साठवत नाहीत, त्याऐवजी टोकन, म्हणजे त्या नंबराच्या जागी चालणारा संकेतांक, ठेवतात. पण टोकन असलं की पैसे तितक्याच सहज जातात, त्यामुळे तेही काढायचं.

मग बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये जा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 ऑक्टोबर 2020 पासून ऑनलाइन व्यवहार चालू-बंद करण्याची आणि त्यांची मर्यादा ठरवण्याची सोय प्रत्येक कार्डाला आहे. ऑनलाइन व्यवहार बंद ठेवा, गरजेपुरते चालू करा. इथे एक चूक नेहमी होते: त्याच कार्डावर विम्याचा हप्ता किंवा विजेचं बिल आपोआप भरलं जात असेल तर ते अडकू शकतं. आधी अशा हप्त्यांची यादी काढा आणि ते दुसऱ्या कार्डावर किंवा खात्यावर हलवा.

यूपीआयसाठी दुसरं बचत खातं वापरा. पगाराचं खातं यूपीआय ॲपमधून काढा. दुसऱ्या खात्यात महिन्याला ठरलेली रक्कम, समजा 2,000 रुपये, टाका आणि खरेदी फक्त त्यातून करा. त्या खात्याची किमान शिल्लक किती लागते हे आधी विचारून घ्या, नाहीतर दंड बसेल. यूपीआय लाइटला (लहान रकमांसाठी ॲपमध्ये आधीच पैसे भरून ठेवण्याची सोय) पिन लागत नाही, म्हणून ते बंद करा. त्यातले पैसे खात्यात परत येतात. ‘पे लेटर’ची, म्हणजे वस्तू आधी घेऊन पैसे नंतर भरण्याची, सोय नुसती न वापरता ठेवू नका, उरलेली रक्कम चुकती करून ती बंदच करा.

वस्तू वहीत, कार्टमध्ये नको

कार्टमध्ये ठेवून थांबणं फसतं, कारण कार्ट दर थोड्या वेळाने स्वतःची आठवण करून देतं. वहीत लिहा: वस्तू, किंमत, तारीख, कशासाठी हवी, आणि घरात सध्या ते काम कशावर चालतं. 500 रुपयांपर्यंत एक रात्र, 5,000 पर्यंत तीन दिवस, त्यापुढे पुढच्या पगारापर्यंत थांबा. आकडे आपल्या मिळकतीप्रमाणे बदला, पण एकदा लिहिले की सेलमध्ये ते हलवू नका. ऑफर हुकेल ही भीती वाटेल. प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्य दिन, दसरा-दिवाळी असे सेल वर्षभर येतच राहतात. खोडलेल्या एमआरपीशी किंमत ताडून उपयोग नाही. गेल्या तीन महिन्यांत ती वस्तू कितीला विकली जात होती ते पाहा. ॲमेझॉनवरच्या वस्तूंसाठी ‘कीपा’ या संकेतस्थळावर किमतींचा असा आलेख मिळतो.

दहा मिनिटांत सामान आणणाऱ्या ॲपपुढे वही टिकत नाही, कारण तिथे थांबायला वेळच उरत नाही. ते ॲप फोनवरून काढा आणि आठवड्याची किराणा यादी करून एकदाच सामान आणा.

हिशेब नीट करा

कार्टमध्ये 389 रुपयांचं सामान आहे, 499 ला डिलिव्हरी फुकट आणि एरवी 40 रुपये, असं समजू. हे 40 वाचवायला नको असलेली 110 रुपयांची वस्तू घेतली तर 70 रुपये जास्तच गेले.

‘नो कॉस्ट ईएमआय’ही फुकट नसतो. 24,000 चा फोन, सहा हप्ते, वार्षिक व्याज 15 टक्के धरलं तर व्याज साधारण 1,016 रुपये होतं. तेवढी सूट आधी मिळते, पण व्याजावरचा 18 टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे 183 रुपये, तुम्हीच भरता. वर बँकेने 199 रुपये प्रक्रिया शुल्क लावलं तर जीएसटी धरून आणखी 235. एकूण 418 रुपये जास्त.

पैसे भरण्याआधी बिलाची प्रत्येक ओळ वाचा: विमा, देणगी, हाताळणी शुल्क. न विचारता घातलेली वस्तू किंवा सेवा, ‘फक्त 2 उरले’चा खोटा धाक आणि शेवटच्या पायरीवर उगवणारं शुल्क हे तिन्ही प्रकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक सूचनांमधल्या 13 फसव्या क्लृप्त्यांमध्ये येतात. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. बिलाचा स्क्रीनशॉट तेव्हाच काढून ठेवा, नंतर ते पान दिसत नाही.

हाका बंद

अँड्रॉइडवर सेटिंग, ॲप्स, ते ॲप, नोटिफिकेशन्स असं जाऊन ऑफरचे प्रकार बंद करा. ऑर्डर आणि डिलिव्हरीचे राहू द्या. जाहिरातींच्या एसएमएससाठी 1909 वर START 0 असा संदेश पाठवा. ज्या दुकानाला तुम्ही स्वतः संमती दिली आहे त्याचे संदेश तरीही येत राहतील. तिथली संमती वेगळी मागे घ्यावी लागते.

घेतलंच असेल तर

पाकीट घरी आल्यावर लेबल, सील आणि खोका शाबूत ठेवा आणि परत करण्याची शेवटची तारीख त्याच दिवशी कॅलेंडरमध्ये टाका. सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, पण निव्वळ मन बदललं म्हणून परत घेण्याची सक्ती त्याच्यावर नाही. तिथे त्याचं धोरणच चालतं. इलेक्ट्रॉनिक वस्तूंना बहुतेक ठिकाणी फक्त बदलून मिळतं, पैसे नाहीत. वस्तूच्या पानावर ‘रिटर्न’ लिहिलंय की ‘रिप्लेसमेंट’, हे ऑर्डर करण्याआधीच पाहून घ्या.