नोकरीला विटून अ‍ॅफिलिएट मार्केटिंगकडे वळताय? या चुका टाळा

दर थोड्या दिवसांनी कुणी ना कुणी मला तोच प्रश्न विचारतं. "नोकरीने पार वैताग आणलाय. अ‍ॅफिलिएट मार्केटिंग सुरू करायचं म्हणतोय. साधारण किती महिन्यांत राजीनामा देता येईल?" काय विकणार, कुणासाठी लिहिणार, कुठल्या विषयातलं आपल्याला चार लोकांपेक्षा जास्त कळतं, यातलं काहीही ठरलेलं नसतं. राजीनाम्याची तारीख मात्र हवी असते.

समजायला हा धंदा सोपा आहे. माल दुसऱ्याचा, लिंक तुमची. त्या लिंकवरून कुणी खरेदी केली की ठरलेलं कमिशन तुम्हाला. अ‍ॅमेझॉनचा असोसिएट्स प्रोग्राम १९९६ पासून चालू आहे, म्हणजे यात कुणाला गुपचूप सापडलेलं घबाड वगैरे काही उरलेलं नाही. तरी लोक त्याच त्याच ठिकाणी ठेचकाळतात. नोकरीला विटलेले तर तीन ठिकाणी हमखास. त्या तीन चुकांवर मी सविस्तर बोलणार आहे. बाकीच्यांची बोळवण थोडक्यात.

थकलेल्या अंगावर दुसरी नोकरी घेणं

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटची, म्हणजे कामाने पार पिचून जाण्याची, व्याख्या केली. आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित अवस्था म्हणून. खुणा तीन सांगितल्या: अंगात त्राण न उरणं, कामाविषयी मनात दुरावा किंवा कडवटपणा येणं, आणि कामातली आपली परिणामकारकता कमी होणं. आता अ‍ॅफिलिएटचे सुरुवातीचे महिने डोळ्यांसमोर आणा. रात्री जागून लिहायचं, लिहिलेलं कुणी वाचत नाही, आणि कमाईच्या रकान्यात शून्य. तिन्ही खुणांना आयतंच खतपाणी.

माझी एक जुनी सहकारी होती. कामाला वाघ, पण महिनाअखेरचे आकडे आणि त्यावरून होणारी उलटतपासणी यांनी ती पिचून गेली होती. घरच्या घरी करायच्या व्यायामाच्या साहित्यावर तिने साइट काढली. काही आठवड्यांनी तिने मला मोठ्या हौसेने आपली एक्सेल शीट दाखवली. रकाने होते: टार्गेट, प्रत्यक्ष, तफावत. तूट आली की खाना आपोआप लाल होत होता. मी शीट खाली-वर करून पाहिली आणि लक्षात आलं की ही ऑफिसचीच शीट आहे. वरचं नाव तेवढं बदललंय, फॉर्म्युले जसेच्या तसे. ज्या लाल खान्यांना कंटाळून ती बाहेर पडायला बघत होती, तेच तिने घरी आणून मांडले होते. मीटिंग चालू असताना टेबलाखाली फोन धरून ती डॅशबोर्ड, म्हणजे क्लिक आणि कमाई दाखवणारं पान, रिफ्रेश करायची. रात्री एकला पुन्हा एकदा. एवढं करून, क्लिक का घसरले म्हणून स्वतःलाच फैलावर घ्यायची. पुढे एकदा वैतागून म्हणाली, "साहेब निदान रविवारी तरी फोन करत नव्हते."

शेवटी तिने साइट तशीच सोडून दिली, साठलेली रजा घेतली आणि परत आल्यावर विभाग बदलून मागितला. लेखन तिने त्यानंतर बऱ्याच काळाने पुन्हा हातात घेतलं, शीटशिवाय.

म्हणून मला कुणी विचारलं तर पहिला सल्ला साइटबद्दल नसतोच. आधी झोप भरून काढा. रजा शिल्लक असेल तर घ्या. झोप, भूक दोन्ही उडाली असेल तर डॉक्टरांकडे जा, डोमेन (साइटचं नाव) विकत घ्यायला नंतरही मिळेल. आणि त्रास नेमका कशाचा आहे ते शोधा: कामाचा, कामाच्या तासांचा, की वरिष्ठांचा. वरिष्ठांचा असेल तर विभाग बदलणं हे नवा धंदा उभारण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

एवढं करूनही उमेद टिकली तर माझी पद्धत अशी: आठवड्यातल्या दोन ठरलेल्या बैठका, त्याही सकाळच्या, डोकं ताजं असताना. डॅशबोर्ड आठवड्यातून एकदाच, तोही लिहून झाल्यावर. फोनवर त्याचं अ‍ॅप ठेवायचंच नाही. यामागे कुठलं शास्त्र आहे असा माझा दावा नाही, पण ज्यांनी हे पाळलं ते अजून लिहितायत.

कमिशनचा टक्का बघून विषय निवडणं

"सगळ्यात जास्त कमिशन कशात मिळतं?" हा नवख्यांचा आवडता प्रश्न. उत्तर मिळालं की मंडळी वेब होस्टिंगवर (साइट ठेवायला भाड्याने मिळणारी जागा) किंवा व्हीपीएनवर (इंटरनेटवर ओळख झाकणारी सेवा) लिहायला बसतात. आयुष्यात एकही साइट स्वतः होस्ट केलेली नसते. मग विक्रेत्याच्या पानावरची वैशिष्ट्यं उचलायची, शब्द फिरवायचे, आणि खाली "आमचा निर्णय: ९.५ गुण" असं ठोकून द्यायचं. गुण कुणी दिले, वस्तू हातात न घेता कसे दिले, हे विचारू नये.

गुगल हे विचारतं. एप्रिल २०२१ पासून आलेल्या प्रॉडक्ट रिव्ह्यू अपडेट्सनुसार (शोधनिकालांच्या क्रमवारीतले बदल), लिहिणाऱ्याने वस्तू खरोखर वापरली आहे का, याचे पुरावे पानावर दिसावेत अशी त्यांची अपेक्षा आहे. मार्च २०२४ मध्ये त्यांनी घाऊक प्रमाणात पाडलेल्या निरुपयोगी मजकुराला थेट स्पॅमच्या यादीत टाकलं, मग तो माणसाने पाडलेला असो की यंत्राने. त्यामुळे एआयकडून रातोरात शंभर लेख काढून घेण्याचा शॉर्टकट कुणी शिकवत असेल तर त्याला नमस्कार करून निघा.

गंमत अशी की बर्नआउट झालेल्या माणसाकडे अनुभवाचं भांडवल असतं. दहा-पंधरा वर्षं एकच काम केलेलं असतं. पण त्या कामाचं नावही नको झालेलं असल्यामुळे तो नेमकं तेच सोडून देतो आणि ज्यातलं ओ की ठो कळत नाही अशा विषयात शिरतो. संपूर्ण क्षेत्रावर लिहू नका, त्यातली एक चिंचोळी फट निवडा. नर्स म्हणून काम केलं असेल तर आरोग्यावर सल्ले देत बसायची गरज नाही. बारा तास उभं राहून घालायचे बूट, एवढा एक विषय घ्या. टाचेखालचा फोम किती महिन्यांत बसतो, ओल्या फरशीवर कुठला तळवा सरकतो, डाग पडल्यावर कापडी बूट धुता येतो का. ही वाक्यं विक्रेत्याच्या पानावर नसतात. वाचक त्यांच्यासाठीच येतो, आणि ती वाचून पटली तरच लिंकवर बोट ठेवतो.

पेंडिंग (अजून पक्क्या न झालेल्या) रकमेला पगार समजणं

ही माझी सर्वांत नावडती चूक, कारण हिची किंमत घरच्यांनाही मोजावी लागते.

ओळखीतले एक गृहस्थ गाद्यांची परीक्षणं लिहीत. लिहीत चांगलं, हे कबूल केलं पाहिजे. गादी उसवून आतले थर मोजपट्टी लावून दाखवायचे. सेलच्या हंगामात त्यांचा एक लेख वर आला, ऑर्डरी धडाधड पडल्या, आणि डॅशबोर्डवरचा आकडा त्यांच्या पगाराच्या पुढे गेला. त्यांनी स्क्रीनशॉट काढला, घरात दाखवला आणि त्याच आठवड्यात राजीनामा दिला. मला कळवलं तेव्हा मी विचारलं, "हा आकडा कुठल्या रकान्यातला?" ते म्हणाले, "पेंडिंग. पण ते काय, होतंच ना अप्रूव्ह."

गाद्यांच्या धंद्यात शंभर रात्री वापरून बघा, नाही आवडली तर परत करा, अशी योजना सर्रास असते. त्या रात्री संपेपर्यंत बरेच विक्रेते कमिशन पक्कं करत नाहीत. म्हणजे तीन महिने नुसतं बघत बसायचं. त्या तीन महिन्यांत परत आलेल्या गाद्यांचं कमिशन 'रिव्हर्स्ड'च्या, म्हणजे परत घेतलेल्या रकमेच्या, रकान्यात गेलं, रद्द झालेल्या ऑर्डरींचंही गेलं. काही ऑर्डरी कूपन साइटच्या (सवलतीचे कोड देणाऱ्या साइटच्या) खात्यावर नोंदल्या गेल्याचं निघालं. उरलेलं अप्रूव्ह झालं, पण पैसे पुढच्या हप्त्यात. तोवर सेल संपलेला, आणि नव्या महिन्याचा आकडा जुन्याच्या चौथाईवर आलेला. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात ते हेच. त्यांनी पुन्हा नोकरी धरली, आधीपेक्षा कमी पगारावर.

पक्कं झालेलं कमिशनही कायमचं पक्कं नसतं. अमेरिकेतल्या अ‍ॅमेझॉनने २१ एप्रिल २०२० पासून फर्निचर आणि घरगुती सामानावरचा दर ८ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला, किराण्यावरचा ५ वरून १ वर. आगाऊ सूचना आठवडाभराची. ज्यांचं सगळं उत्पन्न त्या एकाच प्रोग्राममधल्या या वस्तूंवर होतं त्यांची निम्म्याहून जास्त कमाई एका ईमेलने गेली, आणि तक्रार करायला जागा नव्हती, कारण दर बदलण्याचा हक्क करारातच लिहिलेला असतो.

माझी सवय सांगते. डॅशबोर्डवरचा आकडा मी उत्पन्न म्हणून कुठेच लिहीत नाही. बँकेत जमा झालं की वहीत नोंद, तोवर ते पैसे अस्तित्वात नाहीत. कुठल्याही एका प्रोग्रामचा वाटा निम्म्याच्या वर जायला लागला की पुढचा लेख दुसऱ्या विक्रेत्याच्या वस्तूवर लिहिते. नोकरी सोडायचा हिशोब करायचाच असेल तर वर्षभरातला सगळ्यात वाईट महिना धरा. त्या महिन्यात घर चालत असेल तर बोलू. सरासरी धरून बोलणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडून दिलंय.

छोट्या चुका, पण खातं बंद पाडणाऱ्या

स्वतःच्या लिंकवरून स्वतः खरेदी करणं. बहुतेक प्रोग्राममध्ये मनाई असते आणि ते पकडलं जातं. घरच्यांना करायला लावणं ही त्याचीच पुढची पायरी.

साइट तयार नसताना अर्ज करणं. अ‍ॅमेझॉनच्या प्रोग्राममध्ये पहिल्या १८० दिवसांत तीन पात्र विक्री लागतात, नाही झाल्या तर खातं बंद. आधी वाचक येऊ द्या.

कमिशन मिळतं हे लपवणं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा आग्रह असतो की हे स्पष्ट, सहज दिसेल असं सांगावं. पानाच्या तळाशी करड्या अक्षरात लिहिलेलं चालत नाही. पहिल्या लिंकच्या आधी साध्या भाषेत एक वाक्य लिहा. याने वाचक पळून जातो ही भीती निराधार आहे. पळतो तो नंतर कळल्यावर.

नियमावली न वाचता ईमेलमध्ये किंवा पीडीएफमध्ये लिंका टाकणं. काही प्रोग्राम चालवून घेतात, काही थेट हाकलतात.

नेमणूकपत्र न वाचणं. जोडधंद्याला कंपनीची परवानगी लागते का हे त्यात लिहिलेलं असतं. आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर हे काम कधीच करू नका.

महागडा कोर्स घेणं. शिकवणाऱ्याची कमाई अ‍ॅफिलिएटमधून होते की अ‍ॅफिलिएट शिकवण्यातून, एवढं एकदा विचारा. उत्तर द्यायला वेळ लागला तर पैसे खिशात ठेवा.

क्लिक येतात, विक्री दिसत नाही

ही तक्रार आली की नवखे आधी साइटचं डिझाइन बदलतात. रंग बदलून काही होत नाही. मी या क्रमाने बघते.

आधी लिंकच तपासायची. फोनवर प्रायव्हेट विंडो उघडा, स्वतःच्या लेखातून लिंक दाबा आणि पोहोचल्यावर वरच्या पत्त्यात तुमचा टॅग, म्हणजे तुमच्या खात्याची खूण, शिल्लक आहे का बघा. बऱ्याचदा लिंक लहान करणाऱ्या टूलने किंवा मधल्या रीडायरेक्टने (दुसऱ्या पत्त्यावर वळवण्याने) तो गाळलेला असतो. फोनवर विक्रेत्याचं अ‍ॅप उघडत असेल तर तिथेही माग तुटू शकतो, म्हणून अ‍ॅप असलेल्या आणि नसलेल्या दोन्ही फोनवर बघा.

मग कुकीची मुदत. कुकी म्हणजे ग्राहक तुमच्या लिंकवरून आला याची ब्राउझरमधली नोंद. अ‍ॅमेझॉनवर ती २४ तासांची आहे. त्या वेळात वस्तू कार्टमध्ये टाकली तर साधारण ९० दिवसांपर्यंत खरेदी मोजली जाते. दुसरीकडे तीस दिवसांची मुदत लिहिलेली असली तरी सफारी ब्राउझर जावास्क्रिप्टने ठेवलेल्या कुकी सात दिवसांत पुसतो. महागड्या वस्तूचा ग्राहक आठवडाभर विचार करत असेल तर तुमचं नाव तोवर पुसलेलं असतं.

त्यानंतर शेवटचा क्लिक. बहुतेक ठिकाणी श्रेय शेवटच्या लिंकला जातं. ग्राहकाने पैसे भरताना ब्राउझरमधल्या कूपन एक्स्टेंशनवर (सवलतीचे कोड शोधून देणाऱ्या जोडणीवर) बोट ठेवलं की तुमच्या तीन हजार शब्दांचं कमिशन त्याच्या खात्यात. यावर तुमच्या हातात फारसं काही नाही. ज्या विक्रेत्यांकडे कूपनचा रकानाच नाही त्यांना मी झुकतं माप देते, एवढंच.

हे सगळं ठीक असेल तर वाचक कुठला शोध घेऊन येतोय ते गुगलच्या सर्च कन्सोल या टूलमध्ये बघा. "गादी कशी स्वच्छ करावी" म्हणून आलेला माणूस गादी विकत घेणार नाही. त्याच्याकडे ती आहे.

शेवटी, लेखातली वस्तू अजून मिळते का हे बघा. मी महिन्याच्या पहिल्या शनिवारी सर्वांत जास्त वाचल्या जाणाऱ्या लेखांतल्या लिंका हाताने दाबून बघते. तपासणारी टूलं आहेत, पण त्यांना पान उघडलं की पुरे वाटतं. पानावर "सध्या उपलब्ध नाही" लिहिलंय हे त्यांच्या नजरेतून निसटतं.