या चुका टाळा: सिरिंज पंपाचा रेट काढताना

आयसीयूत नवीन आलेल्या सिस्टर-ब्रदरचा सिरिंज पंपाचा रेट, म्हणजे तासाला किती एमएल औषध सोडायचं तो आकडा, गणित कच्चं असल्यामुळे चुकतो, असं आपण सहज बोलून जातो. मला ते पटत नाही. गुणाकार-भागाकार मोबाइल करून देतो. चूक होते ती त्याच्या आधी, अँप्युलमध्ये नेमकं किती औषध आहे ते वाचताना. नाहीतर नंतर, आलेला आकडा तासाचा की दिवसाचा, एमएलचा की एमजीचा, हे न विचारल्यामुळे.

आधी मूळ हिशोब एकदा मांडू. बीपी वाढवणारं नॉरॲड्रेनलिन (नॉरॲड) ४ एमजी, सिरिंजमध्ये एकूण ५० एमएल. म्हणजे ४००० एमसीजी (मायक्रोग्रॅम) भागिले ५०, एका एमएलमध्ये ८० एमसीजी. पेशंट ६० किलोचा, ऑर्डर ०.१ एमसीजी पर केजी पर मिनिट. मिनिटाला ६ एमसीजी, तासाला ३६०. ३६० भागिले ८० म्हणजे तासाला ४.५ एमएल. सूत्र एका ओळीत पाठ करण्यापेक्षा असं पायरी-पायरीने, प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहून काढावं. एमसीजी, मिनिट, तास असं लिहिलेलं असलं की ६० ने गुणायचं राहिलं तर ते लगेच दिसतं.

अँप्युलवरचे दोन आकडे

नॉरॲडच्या बाबतीत ही चूक मला सगळ्यात घातक वाटते, कारण ती लावणाऱ्याच्या ड्युटीत उघडी पडत नाही. लेबलवर औषध दोन प्रकारे लिहिलेलं असतं: बायटार्ट्रेट, म्हणजे क्षार, आणि बेस, म्हणजे प्रत्यक्ष नॉरॲड्रेनलिन. २ एमजी बायटार्ट्रेटमध्ये बेस साधारण १ एमजीच असतो. डोस मोजायचा तो कशात, हे वॉर्डच्या प्रोटोकॉलमध्ये ठरलेलं असतं, बहुतेक ठिकाणी बेसमध्ये. आता २ एमएलच्या अँप्युलमध्ये ४ एमजी बायटार्ट्रेट आहे, आणि कुणी तो मोठा आकडा वाचून एकच अँप्युल ५० एमएलमध्ये घातलं, तर बेस गेला २ एमजी. सिरिंजवर लेबल लागलं '४ एमजी इन ५०'. कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे एका एमएलमधलं औषध, ८० नव्हे, ४० एमसीजी.

पुढे काय होतं बघा. ४.५ एमएलवर पेशंटला निम्माच डोस जातो. बीपी उचलत नाही, म्हणून डॉक्टर रेट वाढवत नेतात आणि ९ एमएलवर बीपी स्थिर होतं. रात्री सिरिंज संपते. नाइटची सिस्टर अनुभवी, ती दोन अँप्युल घेऊन नियमाप्रमाणे सिरिंज भरते आणि रेट तोच ९ ठेवते. काही मिनिटांत सिस्टॉलिक दोनशेच्या वर. बोलणी खाते ती बरोबर काम केलेली सिस्टर. म्हणून सिरिंज बदलल्यावर बीपी अचानक चढलं किंवा पडलं, तर पेशंटला सावरतानाच एक प्रश्न विचारा: आधीची सिरिंज किती अँप्युलची होती? रिकामी अँप्युल सिरिंज लावून होईपर्यंत ट्रेमध्येच ठेवायची सवय इथे उपयोगी पडते.

टक्के आणि प्रमाण यांचा घोळ त्या मानाने लवकर सुटतो. १ टक्का म्हणजे १०० एमएलमध्ये १ ग्रॅम, म्हणजेच एमएलला १० एमजी. त्यामुळे २ टक्के लिग्नोकेन म्हणजे २० एमजी, ५० टक्के मॅग्नेशियम सल्फेट म्हणजे ५०० एमजी प्रति एमएल. ॲड्रेनलिन १:१००० म्हणजे एमएलला १ एमजी, १:१०,००० म्हणजे ०.१ एमजी.

इन्सुलिनला मात्र थांबून बघा. आपल्याकडे ४० युनिट आणि १०० युनिट प्रति एमएल अशा दोन्ही व्हायल मिळतात. ५० एमएलच्या सिरिंजमध्ये ५० युनिट इन्सुलिन घालायचं म्हणजे पहिल्या व्हायलचे १.२५ एमएल, दुसरीचे ०.५ एमएल. चाळीसच्या सवयीने शंभरच्या व्हायलमधून १.२५ एमएल ओढलं तर सिरिंजमध्ये १२५ युनिट गेले आणि तासाला १ एमएल लावलं की १ च्या जागी २.५ युनिट जाणार. लाल टोपीची इन्सुलिन सिरिंज चाळीसची, केशरी शंभरची. व्हायल आणि सिरिंज एकाच जातीची हवी. हेपॅरिनचंही तेच. ५ एमएलच्या सारख्या दिसणाऱ्या व्हायलमध्ये कधी एकूण ५००० युनिट, कधी २५,०००. एकूण किती आणि एमएलला किती, दोन्ही वाचल्याशिवाय सुई टोचू नका.

'५० मध्ये' की '५० पर्यंत'?

औषध घालून एकूण ५० एमएल व्हायला हवं. ४ एमएल नॉरॲड असेल तर सलाईन किंवा डी फाइव्ह (५ टक्के डेक्स्ट्रोज) ४६ एमएल. ५० एमएल भरून वर ४ घातलं तर फरक सात टक्क्यांचा, मोठ्या माणसात कदाचित जाणवणारही नाही. पण डोब्युटामिनची २० एमएलची व्हायल १०० एमएलच्या बाटलीत तशीच ओतली, तर २५० एमजी १२० एमएलमध्ये पसरलं. एमएलला २.५ ऐवजी जेमतेम २.१ एमजी. आधी बाटलीतून २० एमएल काढून टाका, मग औषध घाला. आणि हलवा. पोटॅशियम घातलेली बाटली उलटी-सुलटी न करता लटकवली तर जड द्राव खाली तोंडापाशी साचतो आणि पेशंटला सुरुवातीलाच पोटॅशियमचा लोंढा जातो. पंधरा टक्क्यांच्या १० एमएल अँप्युलमध्ये २० एमइक्यू (मिलिइक्विव्हॅलंट) पोटॅशियम असतं. ते लाइनला चालू असलेल्या बाटलीत तर घालूच नये.

जुळलेला आकडा

२००६ साली कॅनडात, एडमंटनच्या एका कॅन्सर रुग्णालयात घडलेली गोष्ट प्रत्येक नर्सिंगच्या वर्गात शिकवावी असं मला मनापासून वाटतं. फ्लुरोयुरासिल हे कॅन्सरचं औषध, ५२५० एमजी, चार दिवसांत द्यायचं. कॉन्सन्ट्रेशन एमएलला ४५.५७ एमजी. भागाकार केला की एकूण ११५.२ एमएल, दिवसाला २८.८ एमएल, आणि २४ ने भागून तासाला १.२ एमएल. हा शेवटचा भागाकार राहून गेला आणि पंपावर तासाला २८.८ एमएल लावलं गेलं. दुसऱ्या नर्सने तपासलंही. पण २८.८ हा आकडा लेबलवरही होता, दिवसाचा म्हणून. गणितातून आलेला आकडा लेबलवर सापडला, आणि दोघींचं समाधान झालं. चार दिवसांचं औषध चार तासांत संपलं. तीन आठवड्यांनी त्या रुग्णाचा मृत्यू झाला.

पंप सुरू करण्याआधी 'या रेटने हे किती वेळात संपेल?' एवढं विचारलं असतं तर उत्तर 'चार तास' आलं असतं, आणि हात थांबला असता. म्हणून हा उलटा हिशोब प्रत्येक सिरिंजला करा. आपली नॉरॲडची ५० एमएल, ४.५ ने साधारण अकरा तास चालेल. ती तीन तासांत किंवा दोन दिवसांत संपणार असं दिसलं, तर कुठेतरी गडबड आहे.

दुसऱ्याकडून तपासून घेतानाही 'बघ गं, साडेचारच येतं ना?' असं म्हणू नका. उत्तर सांगितलं की तपासणी संपली. तिला ऑर्डर, वजन आणि अँप्युल द्या, तिला कोऱ्या कागदावर काढू द्या.

हँडओव्हरमध्ये 'नॉरॲड पाचवर आहे' हे वाक्य बंदच व्हायला हवं. पाच एमएल सिंगल स्ट्रेंथचे की डबलचे? डबल स्ट्रेंथला, म्हणजे एमएलला १६० एमसीजी असताना, आपला ४.५ चा रेट २.२५ वर आणावा लागतो. तो तसाच राहिला तर डोस दुप्पट. पूर्ण सांगा: '४ एमजी इन ५०, साडेचार एमएल, म्हणजे ०.१'. लिहिताना अर्धा असेल तर ०.५ लिहा, नुसतं .५ नको. पाच असेल तर ५ लिहा, ५.० नको, टिंब पुसट झालं की ते पन्नास वाचलं जातं.

रेट बरोबर, तरी पेशंट प्रतिसाद देत नाही

अशा वेळी डोस वाढवण्याआधी बेडपाशी हे बघून घ्या. थ्री-वे (लाइनमधली तीन तोंडांची तोटी) बंद आहे का? पंपात निवडलेली सिरिंजची कंपनी आणि प्रत्यक्ष लावलेली सिरिंज एकच आहे का? पंप औषध मोजत नाही, तो दट्ट्या किती सरकला त्यावरून आणि सिरिंजच्या व्यासावरून एमएल ठरवतो. व्यास वेगळा असेल तर स्क्रीनवर ४.५ दिसत राहतं आणि आत जातं भलतंच.

लाइन भरायला लागणारा वेळही धरा. एक्स्टेंशनमध्ये, म्हणजे सिरिंजपासून पेशंटपर्यंतच्या नळीत, १ एमएल मावत असेल आणि रेट २ एमएल असेल, तर औषध शिरेपर्यंत पोचायला अर्धा तास लागेल. म्हणून लाइन औषधाने आधीच भरून घ्या, आणि सिरिंज बसवल्यावर दट्ट्याची ढिलाई जाईपर्यंत पेशंटला न जोडता पर्ज करा, म्हणजे पंपाने थोडं औषध बाहेर सोडा. जोडलेली असताना नॉरॲडची लाइन फ्लश करणं म्हणजे सरळ बोलस, एकदम मोठा डोस.

पंप नसेल आणि थेंब मोजायचे असतील, तर सेटचं पाकीट फेकायच्या आधी वाचा. एका एमएलला मॅक्रो सेट बहुधा २० थेंबांचा, काही १५ चे, मायक्रो ६० चा. ५०० एमएल आठ तासांत द्यायचं तर वीसच्या सेटने मिनिटाला २१ थेंब. तेच २१ थेंब मायक्रो सेटला लावले तर बाटली चोवीस तास चालेल. मायक्रोला मिनिटाचे थेंब आणि तासाचे एमएल एकच असतात, म्हणजे इथे ६२-६३ लावायला हवेत. आणि अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. पेशंटने हात दुमडला किंवा बेड वर घेतला की थेंबांचा वेग बदलतो.