दिवसाला पाणी किती प्यायचं? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या माणसांनी आपला आकडा कसा काढायचा

कुणी म्हणतंय आठ ग्लास, कुणी म्हणतंय चार लिटर, आणि व्हॉट्सॲपवर तर सकाळी उठल्या उठल्या दीड लिटर पाणी एका दमात प्या असं रोज कुणीतरी पाठवतंयच. पण अथणीकडं उन्हात उसाला पाणी पाजणारा माणूस, उद्यमबागला फाउंड्रीत भट्टीसमोर उभा राहणारा कामगार आणि कणकुंबीला पावसाळ्यात दार लावून घरात बसलेली आजी, या तिघांना सारखंच पाणी कसं लागेल? म्हणून कुणाचा तरी आकडा घेऊन त्याच्या मागं पळण्यापेक्षा आपला आपण काढायचा, अवघड काही नाही त्यात.

आधी ते आठ ग्लासचं बघू. १९४५ साली अमेरिकेच्या फूड अँड न्यूट्रिशन बोर्डानं मोठ्या माणसाला दिवसाला साधारण अडीच लिटर पाणी लागतं असं लिहिलं होतं, आणि त्याच्याच पुढं हे पण लिहिलं होतं की यातलं बरंचसं जेवणातूनच मिळतं. ते दुसरं वाक्य लोक विसरले, असं बरेच जाणकार सांगतात. २०१० मध्ये युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेनं बायकांना २ लिटर आणि पुरुषांना अडीच लिटर सांगितलं, पण ते सुद्धा सगळं धरून, म्हणजे पाणी, चहा, दूध, ताक, आमटी, फळं सगळं, आणि ते पण बेताच्या हवेत बेताचं काम करणाऱ्यांसाठी. जेवणातून साधारण पाचवा भाग पाणी मिळतं असं धरतात, आपलं भात आमटी आणि ताकाचं जेवण असेल तर त्याहून जास्तच मिळत असणार, काकडीत तर ९५ टक्के पाणीच असतंय.

मग हिशोब असा करा. तब्येत चांगली आहे, सावलीत काम आहे, हवा बेळगाव शहरासारखी बरी आहे, तर बाईमाणसानं पाणी, चहा, ताक धरून दीड ते दोन लिटर आणि पुरुषानं दोन ते अडीच लिटर इथनं सुरुवात करायची. चहा धरायचा का असं सगळे विचारतात, तर हो, धरायचा, चहानं लघवी थोडी वाढते पण पिलेलं सगळं पाणी काही निघून जात नाही. फक्त दिवसाला सहा सात चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर असं असेल तर पाणी मोजायच्या आधी साखर मोजा.

आणि मोजायचं म्हणजे आधी घरातला पेला मोजा. एक लिटरची बाटली भरून घ्या आणि आपल्या रोजच्या पेल्यात ओतून बघा किती पेले होतात. कुणाकडचा स्टीलचा पेला दीडशे मिलीचा असतो तर कुणाकडचा तीनशेचा, त्यामुळं "मी आठ पेले पितो" म्हणणारी दोन माणसं एकमेकांच्या दुप्पट पाणी पीत असू शकतात. तांब्याचं पण तसंच.

आता खरी खूण, ती म्हणजे लघवीचा रंग. फिकट पिवळी, लिंबू सरबतासारखी असली की पाणी पुरतंय. गडद पिवळी, कमी होतेय, वास मारतोय, तर कमी पडतंय. दिवसभर अगदी पाण्यासारखी पांढरी होतेय आणि तासातासाला जावं लागतंय तर गरजेपेक्षा जास्त पिताय. सकाळची पहिली धरू नका, ती गडदच असते, दुपारची बघा. बी कॉम्प्लेक्सची गोळी घेत असाल तर रंग भडक पिवळा येतो, टीबीच्या औषधानं नारिंगी येतो, बीट खाल्लं तर लालसर, तेव्हा रंगावर जाऊ नका, किती वेळा आणि किती होतेय ते बघा.

घामाचं काम करणाऱ्यांचं गणित वेगळं. फाउंड्री, वीटभट्टी, शेत, गवंडीकाम, वडगाव शहापूरकडं मागावर पत्र्याखाली बसणारे लोक, यांना वरचा आकडा पुरणार नाही. उन्हात किंवा भट्टीजवळ काम करताना दर पंधरा वीस मिनिटांनी एक पेला, साधारण पाव लिटर, असं थोडं थोडं प्यायचं, तहान लागायची वाट बघायची नाही, आणि कितीही घाम आला तरी तासाला साधारण १.४ लिटरच्या वर जायचं नाही. आपल्याला किती घाम जातो हे नेमकं बघायचं असेल तर कामाआधी आणि कामानंतर वजन करा, एक किलो कमी झालं म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेलं, मधे जे पिलं ते त्यात मिळवायचं. तासन् तास घाम गाळला की नुसतं पाणी पुरत नाही, मीठ पण गेलेलं असतं, म्हणून दुपारी मीठ घातलेलं ताक किंवा नाचणीची आंबील हे आपल्या लोकांनी शेतात न्यायचं ते उगाच नव्हतं. बीपी असेल तर मीठ बेतानं. ताक, लिंबू, कोकम असलं आंबट काही तांब्याच्या भांड्यात ठेवू नका, तांबं त्यात उतरतं, स्टीलचा डबा बरा.

आता ज्याच्यासाठी मी हे मुद्दाम लिहायला घेतलं ते सांगतो. आपल्या भागातल्या कितीतरी बायका पाणी कमी पितात आणि त्याचं कारण आळस नाही, विसर नाही, कारण हे की बाहेर जायला जागा नाही. खानापूर तालुक्यातल्या खेड्यावरून बेळगावला कामाला येणारी पोरगी, निपाणीला विड्या वळत दिवसभर मांडी घालून बसणारी अक्का, बाजारात भाजी घेऊन बसलेली मावशी, शाळेतली बाई, सगळ्या सकाळी घोटभर पाणी पिऊन निघतात आणि संध्याकाळी घरी येऊनच पाणी पितात. २०२३ च्या जूनमध्ये कर्नाटक सरकारची शक्ती योजना सुरू झाली, बायकांना बसचं तिकीट फुकट झालं, बायका पहिल्यापेक्षा जास्त फिरायला लागल्या, चांगलंच झालं, पण वाटेत स्टँडवर स्वच्छ संडास मिळेल याची खात्री नसली की बाई काय करणार, पाणीच पीत नाही. याचा त्रास उन्हाळे लागणे, लघवीला जळजळ, परत परत इन्फेक्शन असा बाहेर पडतो, आणि लाजेनं घरात पण बोलत नाहीत.

पाण्यानं यात खरंच फरक पडतो. २०१८ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात परत परत लघवीचं इन्फेक्शन होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या १४० बायका घेतल्या होत्या, निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितलं, वर्षभरात त्यांचं इन्फेक्शन जवळजवळ निम्म्यावर आलं. औषध नाही, गोळी नाही, नुसतं पाणी.

मग प्रवास असताना कसं करायचं? पाणी बंद करायचं नाही, वेळ बदलायची. घरातून निघायच्या दीड दोन तास आधी दोन पेले प्यायचे, त्याची लघवी निघायच्या आत होऊन जाते, निघताना परत एकदा जाऊन यायचं. बसमध्ये घोट घोट, एकदम बाटली रिकामी करायची नाही. पोचलात, जागा आहे, की परत दोन पेले. दुपारी जेवताना, संध्याकाळी घरी आल्यावर, असं वाटून घेतलं की दीड लिटर सहज बसतं. आणि लागल्यावर धरून ठेवू नका. जिथं बायका कामाला आहेत तिथल्या मालकांना, हेडमास्तरांना, पंचायतीच्या मेंबरांना एवढंच सांगणं आहे की कडी लागणारं आणि पाणी असलेलं एक संडास बांधा, बायका आपोआप पाणी पितील, आणि पुरुषमंडळींनी हा विषय बायकांवरच सोडून देऊ नये, बोलावं.

म्हाताऱ्या माणसांना तहानच कमी कळते, वयानं ती जाणीव कमी होते. "आजी पाणी पाहिजे का" विचारलं तर नकोच म्हणणार, म्हणून विचारत बसू नका, दर दोन तासांनी अर्धा पेला हातात द्या, कधी पाणी, कधी पेज, कधी पातळ ताक. आजोबा अचानक गळाल्यासारखे झाले, असंबद्ध बोलायला लागले, तर पाणी कमी पडणं हे पण एक कारण असू शकतं, आणि बीपीच्या काही गोळ्यांनी सोडियम कमी होतं ते दुसरं, घरी अंदाज न बांधता डॉक्टरकडं न्या.

पोटुशी बाई असेल तर रोजच्यापेक्षा साधारण तीनशे मिली जास्त, अंगावर पाजत असेल तर पाऊण लिटरच्या आसपास जास्त. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र वरचं पाणी अजिबात नाही, उन्हाळ्यात सुद्धा नाही, आईच्या दुधात सगळं येतं. घरातली मोठी माणसं चमच्यानं पाणी पाजायला बघतात, मायेनंच करतात, पण समजावून सांगा.

मुतखडा होऊन गेलाय त्यांनी किती पिलं हे मोजण्यापेक्षा लघवी किती झाली ते बघायचं, दिवसाला अडीच लिटरच्या आसपास झाली पाहिजे. एक दिवस सुट्टीच्या वारी जुन्या बाटलीत मोजून बघा म्हणजे कळेल किती कमी पडतंय. रात्री झोपायच्या आधी पण थोडं प्यायचं.

जुलाब उलटी लागली की ओआरएस. मेडिकलमधनं पाकीट आणा, पाकिटावर एक लिटर लिहिलं असेल तर बरोबर एकच लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सगळं पाकीट घालायचं, अर्धं अर्धं करायचं नाही, आणि २४ तासांनी उरलेलं टाकून द्यायचं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. दुकानातल्या गोड टेट्रापॅकवर भरोसा ठेवू नका, नुसतं ओआरएस नाव लावून साखरेचं पाणी विकायचे, म्हणून २०२५ च्या ऑक्टोबरात एफएसएसएआयनं, म्हणजे आपल्या देशाच्या अन्न सुरक्षा संस्थेनं, असल्या पेयांच्या नावात तो शब्द वापरायला बंदी केली.

जेवताना पाणी पिऊ नये, उभं राहून प्यालं की गुडघे जातात, असलं डोक्यातनं काढून टाका, जेवताना लागेल तेवढं प्या. सकाळी उठून एक पेला कोमट पाणी चांगलंच, पण दीड लिटर एकदम नको. मूत्रपिंड तासाला एक लिटरच्या आत बाहेर टाकू शकतं, त्याच्यावर तासन् तास ओतत राहिलं की रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, मळमळतं, माणूस गोंधळतो, क्वचित जिवावर पण बेततं. आणि उन्हात अंग तापलंय, भान हरपलंय अशा माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका, सावलीत आणा, अंगावर पाणी मारा, वारा घाला, १०८ ला फोन करा.

हृदय कमजोर आहे, किडनीचा आजार आहे, डायलिसिस चालू आहे, पायाला सूज येते, अशांनी वरचं काहीच आपल्याला लावून घेऊ नका. डॉक्टरांनी एक लिटर सांगितलं असेल तर एकच, आणि त्यात चहा, ताक, आमटीचं पाणी सगळं आलं. ते सांभाळायला सकाळी एक लिटरची बाटली भरून फक्त त्या माणसासाठी बाजूला ठेवा, चहा पिला की तेवढं पाणी बाटलीतनं झाडाला ओतायचं, बाटलीत जे उरलं तेवढंच रात्रीपर्यंत. घसा सुकला तर चूळ भरायची, तोंडात छोटा बर्फाचा खडा धरायचा, तो पण हिशोबात धरून, आणि सकाळी रोज वजन लिहून ठेवायचं, दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता दवाखान्यात फोन करायचा.