डूम इटर्नल अर्धवट सोडलात? परत बसण्याआधी एवढं करून बघा

माझा आतेभाऊ नाशिकच्या सिडकोत राहतो. २०१६ चा डूम, म्हणजे राक्षसांवर गोळ्या झाडायचा व्हिडिओ गेम, त्याने तीनदा संपवलेला, शेवटचा तर नाइटमेअर या अवघड पातळीवर. इटर्नल हा त्याचाच दुसरा भाग. त्यामुळे इटर्नल घे म्हणून मीच त्याच्या मागे लागलो होतो. गेम आला २० मार्च २०२० ला, शुक्रवारी. रविवारी जनता कर्फ्यू लागला आणि पुढचे काही आठवडे खेळायला वेळच वेळ होता. तरी पठ्ठ्याने सहाव्या मिशनवर कंट्रोलर ठेवून दिला. फोनवर म्हणाला, "दादा, गोळ्याच पुरत नाहीत. आणि तो कुऱ्हाडवाला काही केल्या मरत नाही. पहिल्यात असं नव्हतं."

हेच शब्द त्यानंतर मी कितीतरी जणांकडून ऐकले. कॉलेज रोडला भेटणारी पोरं, कंपनीतले दोघं, रविवारी मिसळ खायला जमणारा आमचा ग्रुप. अर्धे म्हणतात इतकी जबरदस्त फाइट दुसऱ्या कुठल्या गेममध्ये नाही, अर्धे म्हणतात मजाच घालवली. मला हा गेम मनापासून आवडतो, म्हणून दोन्ही बाजू नीट ऐकून घेतल्या. ज्यांनी सोडला त्यातले बहुतेक जण दुसरा भाग पहिल्या भागाच्या हाताने खेळत होते. हात बदलला की गेम बदलतो. तो कसा बदलायचा ते लिहितो.

आधी लोकांच्या मतांबद्दल. कुणी "गेम बेकार" किंवा "गेम बाप" म्हणालं की तीन गोष्टी विचारा: कुठल्या मिशनपर्यंत पोचलास, डिफिकल्टी कुठली होती, आणि माऊस की कंट्रोलर. दुसऱ्या मिशनवर सोडणाऱ्याचं मत शत्रूंबद्दल फारसं उपयोगाचं नाही, कारण खरे शत्रू त्याने बघितलेच नाहीत. तिथे त्याला खटकतात त्या उड्या, भिंती चढणं आणि दर पाच मिनिटांनी स्क्रीनवर येणाऱ्या सूचना. सहाव्या मिशनवर, म्हणजे आर्क कॉम्प्लेक्सच्या शेवटी सोडणारा मरॉडरमुळे, म्हणजे भावाच्या त्या कुऱ्हाडवाल्यामुळे सोडतो. आणि तेराही मिशन संपवून नाराज असलेल्याचं म्हणणं मात्र शांतपणे ऐका. त्याची तक्रार बहुधा गेमच्या कथेबद्दल असते, पहिल्या भागातला तो न बोलता सगळं सांगणारा मोकळेपणा गेला म्हणून. ती तक्रार मलाही पटते.

आता हात. मी सातपूरला सीएनसी लेथवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथ मशीनवर, सेटर आहे. मशीनच्या टरेटमध्ये, म्हणजे टूल धरणाऱ्या फिरत्या चकतीत, आठ टूल लावलेले असतात: रफिंगचा वेगळा, फिनिशिंगचा वेगळा, ग्रूव्हिंगचा, थ्रेडिंगचा, ड्रिल. नवीन पोरगा आला की एकाच टूलने सगळं करायला बघतो. काम होत नाही आणि इन्सर्ट, म्हणजे टूलचं टोक, तुटतो. २०१६ च्या डूममध्ये सुपर शॉटगन हातात आली की बाकीच्या बंदुकांकडे बघितलं नाही तरी चालत होतं. इटर्नलमध्ये ते चालू नये म्हणूनच गेम बनवणाऱ्या आयडी सॉफ्टवेअरने गोळ्या कमी ठेवल्या आहेत. सुरुवातीला शॉटगनच्या सोळाच गोळ्या मावतात, आणि सुपर शॉटगन एका बारात दोन खाते. म्हणजे आठ बार, खेळ खलास. हा हिशोब ठरवून केलेला आहे. टरेट फिरवायला लावणारा हिशोब.

गोळ्या संपल्या की काय करायचं? चेनसॉ, म्हणजे साखळीची करवत. तिने शत्रू कापला की गोळ्या पडतात. पहिल्या भागात चेनसॉचं इंधन जपून ठेवायची सवय लागलेली असते, ती आधी मोडा. इथे चेनसॉच्या इंधनाचा पहिला ठोकळा आपोआप भरतो, आणि झोंबी किंवा इम्पसारखा लहान शत्रू कापायला तेवढाच लागतो. गोळ्या कमी दिसल्या, लहान शत्रू दिसला, कापा. ठोकळा भरला, परत कापा. लहान शत्रू रिंगणात, म्हणजे फाइटच्या बंद जागेत, पुन्हा पुन्हा येत राहतात ते यासाठीच. ज्याला गोळ्या पुरत नाहीत त्याला माझा पहिला प्रश्न एवढाच असतो की शेवटच्या फाइटमध्ये चेनसॉ किती वेळा वापरली. उत्तर "एकदा" किंवा "नाहीच" असं येतं.

तसंच हेल्थ आणि आर्मरचं. हेल्थ ग्लोरी किलमधून येते: शत्रू डगमगला की चमकतो, जवळ जाऊन मारा. आर्मर फ्लेम बेल्चमधून, म्हणजे खांद्यावरच्या त्या ज्वालेतून. शत्रूंवर आग टाका आणि जळत असतानाच गोळ्या घाला, आर्मरचे तुकडे पडत राहतात. आधी आग, मग गोळी, हा क्रम अंगवळणी पाडा. माझ्या भावाने पहिल्या पाच मिशनमध्ये फ्लेम बेल्च मोजून चार-पाच वेळा दाबला असेल. मग तो मरणार नाही तर काय.

पुढे कोणाला कोणता टूल. काकोडेमन, तो तरंगणारा लाल गोळा, तोंड उघडतो तेव्हा ग्रेनेड किंवा शॉटगनचा स्टिकी बॉम्ब आत टाका. गिळतो आणि जागेवर डगमगतो. एक ग्रेनेड, एक ग्लोरी किल, काम संपलं. अ‍ॅरॅक्नोट्रॉनच्या पाठीवरची तोफ आधी उडवा, हेवी कॅनन या बंदुकीच्या लांबून नेम धरणाऱ्या प्रिसिजन बोल्टने. लांबून जास्त त्रास तीच देते. रेव्हनंटच्या खांद्यावरच्या तोफा, मॅन्क्युबसच्या हातांच्या तोफा, हेच तत्त्व. पिंकी हा धडक मारणारा शत्रू, त्याच्या शेपटीवर मारा. ऊर्जेची ढाल घेऊन उभ्या असलेल्या सैनिकावर प्लाझ्मा रायफल रोखा. ढाल फुटते तीच स्फोटासारखी आणि आजूबाजूचेही मरतात. एवढे पाच-सहा पाठ झाले की निम्मी भीती जाते.

बटणांची मांडणी मात्र स्वतःच्या बोटांप्रमाणे करून घ्या. यावर एक पूर्ण संध्याकाळ गेली तरी चालेल. वेपन व्हील उघडलं की वेळ मंदावतो, सुरुवातीला तेवढ्यावर भागतं. पण लय तुटते. मी माऊसवर खेळतो. सुपर शॉटगन माऊसच्या बाजूच्या एका बटणावर, बॅलिस्टा दुसऱ्या, हेवी कॅनन क्यू वर. प्रत्येक बंदुकीला बार टाकल्यावर थोडा वेळ लागतो, सुपर शॉटगनला जास्तच. त्या वेळात दुसरी बंदूक काढली की तो वेळ वाया जात नाही. सुपर शॉटगन, बॅलिस्टा, परत सुपर शॉटगन. याला क्विक स्वॅप म्हणतात. फोर्ट्रेस ऑफ डूममध्ये, म्हणजे दोन मिशनच्या मधल्या तुमच्या अड्ड्यात, रिपाटोरियम नावाचं सरावाचं रिंगण आहे. तिथे रोज दहा मिनिटं फक्त हेच करा, जिंकायचा विचार न करता. माझी पहिली आठवडाभराची प्रॅक्टिस सेकंड शिफ्टहून घरी आल्यावर, रात्री साडेअकरानंतर झाली आहे. बायको-मुलगी झोपलेल्या, हेडफोनवर मिक गॉर्डनने गेमला दिलेलं संगीत. चौथ्या दिवशी बोटं न बघता जायला लागली.

पीसीवर असाल तर फील्ड ऑफ व्ह्यू (स्क्रीनवर दिसणारा परिसर) वाढवा, मोशन ब्लर (हलताना येणारा धूसरपणा) बंद करा. कंट्रोलर जुना असेल आणि काठी आपोआप सरकत असेल तर आधी तो बदला, त्या काठीचा राग गेमवर निघतो.

रिंगणात शिरताना घाई करू नका. आमच्याकडे रंगपंचमीला तिवंध्याच्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदात, उडी मारणारा आधी काठावरून जागा बघतो, मगच धप्पा मारतो. इथेही तसंच. दार लागण्याआधी वर बघा: लटकायच्या दांड्या कुठे आहेत, उडवणारे पॅड कुठे, पळायला मोकळी वाट कुठली. एकदा उतरलात की मात्र थांबायचं नाही. जागेवर उभा राहून नेम धरणारा दोन सेकंदांत मरतो.

आणि आता मरॉडर. याच्याइतकी भांडणं दुसऱ्या कुठल्या शत्रूवरून झाली नसतील. राग येतो तो समजू शकतो: सहा मिशन तुम्हाला वेगाने तुटून पडायला शिकवलं आणि अचानक एक जण म्हणतो, थांब. पण त्याचे नियम तीनच आहेत. फार जवळ गेलात की शॉटगन मारतो. फार लांब गेलात की कुऱ्हाडीने ऊर्जेची लाट फेकतो. मधलं अंतर ठेवलंत की कुऱ्हाड घेऊन अंगावर येतो, आणि मारण्याआधी त्याचे डोळे हिरवे चमकतात, सोबत आवाजही होतो. तेवढाच क्षण तुमचा. त्या क्षणी सुपर शॉटगन, लगेच बॅलिस्टा, जमलं तर परत सुपर शॉटगन. बाकी वेळ त्याच्या हातातल्या ढालीवर गोळ्या झाडू नका, ढालीवर मारलं की तो भुताचा लांडगा सोडतो. लांडगा आला तर आधी त्याला उडवा.

माझ्या भावाची चूक मी शेजारी बसून बघितली तेव्हा कळली. तो घाबरून मागे डॅश मारायचा, म्हणजे झटक्यात मागे सरकायचा. मागे गेलं की अंतर वाढतं, अंतर वाढलं की लाट येते, लाट चुकवायला तो अजून मागे. मग भिंत. मी त्याला सांगितलं, मागे नको, बाजूने जा, त्याच्याभोवती गोल फिर, आणि बंदुकीकडे बघू नकोस, डोळ्यांकडे बघ. रिंगणात इतर लहान शत्रू असतील तर ते आधी साफ करा.

तरी जमलं नाही तर डिफिकल्टी खाली आणा. मध्येच बदलता येते, अल्ट्रा-नाइटमेअर ही सर्वात अवघड पातळी सोडून. यात कमीपणा काही नाही. नियम तेच राहतात, चुकीची शिक्षा हलकी होते, आणि शिकायला तेच हवं असतं. हात बसला की परत वर जा.

उड्यांच्या भागांबद्दल माझ्याकडे खास युक्ती नाही. डबल जंप आधी, डॅश नंतर, एवढं धरून ठेवा. पडलात तरी थोडी हेल्थ जाऊन तिथेच परत उभे राहता. तो जांभळा चिकट चिखल, ज्यात उडीही मारता येत नाही आणि डॅशही, तो मला आजही आवडत नाही. वेगावर उभ्या असलेल्या गेममध्ये वेगच काढून घेणं चूक वाटतं. यावर मी टीका करणाऱ्यांच्या बाजूने आहे.

हे सगळं वाचूनही नको वाटत असेल, तर मे २०२५ मध्ये आलेला डूम मालिकेतलाच द डार्क एजेस बघा. तिथे डबल जंप नाही, डॅश नाही, हातात ढाल आहे आणि पाय रोवून लढायचं आहे. गेमचा वेगसुद्धा सेटिंगमध्ये कमी-जास्त करता येतो. आमच्या ग्रुपमधल्या दोघांना तो इटर्नलपेक्षा जास्त भावला. मला नाही, मला ती धावपळच हवी असते.

भाऊ गेल्या दिवाळीत घरी आला होता. फराळ झाल्यावर त्याला आर्क कॉम्प्लेक्सच्या त्याच रिंगणात बसवलं. पहिले अकरा प्रयत्न गेले. बाराव्याला तो बाजूने फिरायला लागला, बोलायचा बंद झाला, आणि हिरवं चमकल्यावर दोन्ही बार नीट बसले. मरॉडर गुडघ्यावर आला तेव्हा त्याने ओरडून माझ्या मुलीला उठवलं. घरी जाताना फोर्ट्रेसची दारं उघडणाऱ्या बॅटऱ्या कुठे कुठे असतात ते विचारत होता.