गोडाऊन कुठं घ्यायचं? आधी पिनकोड बघा, भाडं नंतर

ऑनलाइन माल विकायला लागलं की एक दिवस येतोच, कस्टमर विचारतो "दादा पार्सल कुठंय" आणि पार्सल अजून आपल्याच जिल्ह्यात लोळत असतं. आमचं सोलापुरी चादरी-टॉवेलचं काम, माल बनतो सोलापुरात पण घेणारे बहुतेक मुंबई, ठाणे, पुण्याचे. मग दुसरं गोडाऊन घ्यायचं ठरलं, त्यात जे जमलं आणि जे चुकलं ते क्रमानं लिहितोय.

स्टेप 1: ऑर्डरचे पिनकोड काढा

मागच्या वर्षभराच्या ऑर्डर एक्सेलमध्ये घ्या, पिनकोडचे पहिले तीन आकडे वेगळे करा आणि मोजा. 400 मुंबई, 421 भिवंडी-कल्याणकडचा पट्टा, 411 पुणे, 440 नागपूर, दहा मिनिटांत चित्र समोर येतं. (ही पिनकोडची पद्धत 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाली, बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर, आपला मराठी माणूस आणि वर संस्कृत कवी, त्यांच्या आकड्यांवर आज आपण चादरी विकतोय.) एक काम मात्र विसरू नका, रिटर्न आलेल्या ऑर्डर वजा करा. कॅश ऑन डिलिव्हरीवाले काही पिनकोड यादीत एकदम वर दिसतात आणि त्यातला निम्मा माल परत आलेला असतो, तिकडं गोडाऊन घेऊन काय करणार.

स्टेप 2: नकाशावरचा मधला बिंदू काढा, पण त्यावर भाळू नका

यूट्यूबवर सगळे हेच शिकवतात, प्रत्येक शहराचे अक्षांश-रेखांश घ्या, ऑर्डरच्या प्रमाणात सरासरी काढा, तिथं गोडाऊन टाका. समजा 100 पैकी 60 ऑर्डर मुंबईच्या, 20 पुण्याच्या, 20 नागपूरच्या. उत्तर येतं साधारण 19.38, 74.32. मॅपवर टाकून बघा, संगमनेरच्या खाली डोंगराळ भागात कुठंतरी सुई पडते! तिथं कुरियरचं हब (पार्सलं गोळा करून गावागावांप्रमाणे वेगळी करतात ते केंद्र) नाही, एका शहरातून दुसऱ्या शहरात माल नेणारी रात्रीची लाइनची गाडी नाही, काही नाही. पार्सल किलोमीटर मोजत जात नाही, ते आधी हबला जातं आणि तिथून पुढं, त्यामुळं तुम्ही हबच्या किती जवळ आहात एवढंच बघायचं.

स्टेप 3: हब कुठं आहेत ते बघा

मुंबईसाठी भिवंडी, त्याला पर्याय शोधण्यात वेळ घालवू नका. मुंबईत जकात होती तेव्हा हद्दीबाहेर माल ठेवणं परवडायचं म्हणून तिथं गोडाऊनं वाढली, 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, जकात गेली, पण गोडाऊनं आणि ट्रान्सपोर्टवाले तिथंच राहिले. आता तर 701 किमीचा समृद्धी महामार्गही भिवंडीजवळ आमण्याला येऊन टेकतो. पुण्याला चाकण, वाघोली भाग, विदर्भ आणि मध्य प्रदेशच्या ऑर्डर खूप असतील तर नागपूर. आम्ही पुण्यात काही घेतलंच नाही कारण सोलापूर-पुणे अडीचशे किमी, रात्री निघालेला माल सकाळी तिथं असतो, उगाच दुसरं भाडं कशाला.

स्टेप 4: पिकअप किती वाजता होतो ते विचारा

इथं आम्ही आपटलो. भिवंडीतला पहिला गाळा आतल्या गल्लीत, भाडं स्वस्त, आम्ही खूश. पण कुरियरची गाडी यायची दुपारी 1 ला, कारण आमची गल्ली त्यांच्या फेरीत पहिली. आमच्या ऑर्डर यायच्या रात्री जेवणं झाल्यावर 9 ते 12, आणि नंतर दुपारी. सकाळी दोन पोरं पॅकिंगला बसली तरी 1 पर्यंत जेमतेम निम्मा माल टेपून व्हायचा, उरलेला दुसऱ्या दिवशी. म्हणजे ठाण्याच्या बाजूला बसून ठाण्याचं पार्सल तिसऱ्या दिवशी पोचायचं, तेवढ्यात तर ते सोलापूरहूनही गेलं असतं! नंतर मेन रोडला गाळा घेतला, भाडं जास्त पण पिकअप संध्याकाळी साडेसहाला, गाडी तिथून सरळ हबला.

त्यामुळं ॲग्रीमेंटच्या आधी टेस्ट करा. त्याच भागात ओळखीच्या कुणाच्या दुकानातून दहा पार्सलं वेगवेगळ्या पिनकोडला पाठवा आणि ट्रॅकिंगमधला प्रत्येक स्कॅनचा टाइम वहीत लिहा. पिकअप ते पहिल्या हबचा स्कॅन, ही वेळ सगळं सांगून जाते.

स्टेप 5: गाळा बघायला पावसात जा

उन्हाळ्यात सगळेच गाळे चांगले दिसतात. जुलैत जा, भिंतीला खालून वीतभर हात लावून बघा, ओल लागते का. चादरीला एकदा कुबट वास बसला की गेली. टेम्पो दारापर्यंत वळतो का, हमाली कोण आणि कशी लावतं, लाइट किती वेळ जाते, हे मालकाला नाही तर शेजारच्या गाळ्यातल्या माणसाला विचारा.

स्टेप 6: माल थोडाच हलवा

सगळा माल दोन्हीकडं ठेवायला गेलात तर अचानक मागणी वाढली तर हाताशी असावा म्हणून ठेवायचा जादाचा साठा साधारण 1.4 पट लागतो, पैसे अडकतात. आम्ही फक्त जास्त खपणारे बारा आयटम भिवंडीत ठेवतो, बाकी सोलापूरहूनच जातं. गोडाऊन महाराष्ट्रातच असेल तर जीएसटी नोंदणीत ॲडिशनल प्लेस (धंद्याची आणखी एक जागा) म्हणून जोडायचं, भाडेकरार, लाइट बिल, मालकाची संमती एवढं लागतं. दुसऱ्या राज्यात घेतलं तर तिथला जीएसटी नंबर वेगळा काढावा लागतो आणि आपलाच माल आपल्याकडं पाठवला तरी टॅक्स लावून बिल करायचं, भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट मिळतं पण पैसा मध्ये फिरत राहतो.

आणि लॉक-इन, म्हणजे ज्या मुदतीआधी गाळा सोडता येत नाही ती, तीन महिन्यांच्या वर देऊ नका. आमचा पहिल्या गाळ्याचा सहा महिन्यांचा होता, म्हणून तो दुपारी एकचा पिकअप अख्खी दिवाळी सहन केला.